शिपायांचं देऊळ आणि भैरोबाची घंटा

नात सुट्टीला आली की माझ्या जेवणाच्या टेबलावर ताटाऐवजी फोन असतो. या खेपेला फोनमध्ये माणसं नव्हतीच. नुसते दगड. उभा दगड, आडवा दगड, चिखलातला दगड, धुतलेला दगड. मी म्हटलं, "पोरी, दगड बघायला विमानानं एवढ्या लांब गेलीस? इथं डोंगर आहे की."

"आजी, प्लीज. धिस इज अ टेंपल. देऊळ आहे देऊळ."

मग मी चष्मा लावला.

आम्ही आखातात, अल ऐनला राहतो. आम्ही म्हणजे मी, माझी सून आणि तिची ही मुलगी. सून इथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. माझा मुलगा पलटणीत होता, तो गेला. नात तेव्हा तान्ही होती. ती शाळेत जायच्या वयाची झाली तशी सुनेला इथली नोकरी लागली आणि ती आम्हा दोघींना घेऊन आली. मी चौथी शिकलेली, सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातली. वाळवंटात येऊन काय करणार होते? पण एकटीनं गावात राहून तरी काय करणार होते? आले.

नातीला जमीन उकरायचं वेड इथंच लागलं. शाळेची सहल हिलीच्या बागेत गेली होती. तिथं जुन्या लोकांच्या दगडी गोल समाध्या आहेत. घरी येऊन तीन दिवस तेच. आत किती माणसं पुरली असतील, त्यांची हाडं कुणी मोजली, कशी ओळखली. मी म्हटलं होतं, मुलीच्या जातीला हाडांचं काय कौतुक. पण तिनं तेच शिक्षण घेतलं. आता ती विलायतेत असते आणि उन्हाळ्यात खोदायला जाते.

या वर्षी त्यांना इंग्लंडच्या उत्तरेला, जिथं फार पूर्वी रोमन राजांच्या राज्याची हद्द संपायची, तिथं एक देऊळ सापडलं. हद्दीवर किल्ला, किल्ल्यात शिपाई, आणि किल्ल्याबाहेर ओढ्याच्या कडेला शिपायांचं देऊळ. अठराशे वर्षांपूर्वीचं, असं ती म्हणाली. लांबट खोली, खिडकी नाही, दोन्ही भिंतींना बसायला दगडी कट्टे, समोर देव.

"शिपाई तिथलेच का?" मी विचारलं.

"नाही ना. सीरियाकडून आणलेले. गरम देशातले. अँड इमॅजिन, तिकडे एवढी थंडी, पाऊस, चिखल."

मी कशाला इमॅजिन करू? सरकार असंच करतं. उन्हातला माणूस बर्फात नेऊन उभा करतं.

"आणि आजी, जमिनीत काय सापडलं माहितीये? कोंबडीची हाडं. खूप. दे हॅड फीस्ट्स."

"म्हणजे कोंबडं कापायचे?"

"हो."

"मग आपल्यातलेच की."

ती खूप हसली. मीही हसले. तोवर सगळं बरं चाललं होतं.

मग तिनं त्या उभ्या दगडांचं सांगितलं. कमरेएवढे घडीव दगड, वर वाटीसारखा खळगा, पुढच्या अंगाला अक्षरं. एका एका शिपायानं एक एक दगड उभा केलेला. वर देवाचं नाव, मग शिपायाचं नाव, त्याची पलटण, आणि शेवटी ठरलेली चार अक्षरं. ती जवळजवळ प्रत्येक दगडावर तीच.

"त्याचा मीनिंग असा की," ती शब्द शोधायला लागली, "ही मेड अ प्रॉमिस टू द गॉड. आणि मग ते काम झालं. सो ही पेड. खुशीनं. विलिंगली."

"नवस फेडला."

"काय?"

"नवस गं. नवस बोलला, पावला, फेडला. एवढं इंग्रजी कशाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजी, म्हणजे आपल्या घंटेसारखं?"

मी चष्मा काढला.

घंटेचं सांगायला हवं. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत आहे. पलटणीत जाणारा हद्दीवर निघताना भैरोबाला नवस बोलतो, तो एकाच गोष्टीचा. मला परत आणून सोड. आला की घंटा टांगतो, नाव घालून. आमच्या भैरोबाच्या मंडपात डोकं वर केलं तर आढं दिसत नाही, एवढ्या घंटा आहेत. माझे मालक लढाईला गेले तेव्हा ते नाही बोलले, मी बोलले होते. ते आले, मी घंटा टांगली. पुढं म्हातारे होऊन अंथरुणात गेले.

एक रीत आहे. माझ्या सासूबाईंनी मला सांगितली होती. एका घरातून एका कामाला एकच नवस. एकानं बोललं की दुसऱ्यानं बोलायचं नाही. दोघांनी बोललं तर देव म्हणतो, यांचा एकमेकांवर भरवसा नाही आणि माझ्यावरही नाही. म्हणून मी बोलले तेव्हा सासूबाई गप्प राहिल्या.

माझा मुलगा शेवटच्या सुट्टीला आला तेव्हा साताऱ्याहून पितळी घंटा घेऊन आला. चांगली जड. वर नाव घालायला जागा कोरी ठेवलेली, कारण नाव काम झाल्यावर घालतात. लोलकाला फडकं बांधलेलं होतं, कारण नवस फिटायच्या आधी तिचा आवाज होऊ द्यायचा नसतो. माझ्या हातात देऊन म्हणाला, "आई, ही भैरोबाची. काम झालं की मी टांगणार."

मी विचारलं नाही कसलं काम. विचारत नाहीत. आणि विचारायचं काय होतं? त्याला त्या वर्षी उंचावरच्या चौकीवर जायचं होतं, जिथं बारा महिने बर्फ असतं. मी घंटा देवघराखाली ठेवली. तो बोललाय म्हटल्यावर मी बोलले नाही.

तो चौकीवर निघाला तेव्हा सून पोटुशी होती. मुलगी झाली. तो खूश झाला, सरपंचाच्या घरी फोन केला त्यानं, सूनबाईशी बोलला, माझ्याशी बोलला. मला म्हणाला, "आई, नाक कुणाचं आहे?" मी म्हटलं, "अजून नाकच आलं नाही, नुसतं ओरडतीय." त्यानंतर बर्फाचा कडा कोसळला. चौकीतली दुसरी माणसं सापडली. हा सापडला नाही.

पलटणीचे लोक आले, त्याची पेटी घेऊन आले, टोपी काढून उभे राहिले. गावानं दिवस घातले. मी अडवलं नाही. तो मेला हे मला कळत नव्हतं, असं नाही. मी काही वेडी नाही. गावातल्या बायका तान्ह्या पोरीकडे बघून पायगुण वगैरे कुजबुजल्या, तेव्हा मी एकीच्या तोंडावर दार लावलं होतं. पण घंटेला मी कुणाला हात लावू दिला नाही. दीर म्हणाला, त्याच्या नावानं टांगून टाकू, स्मारक होईल. मी म्हटलं, स्मारक करायला ती पुतळा नाही. काम झालं नाही तर द्यायची कशाची? देवानं त्याचं केलं नाही, आपण आपलं का करायचं?

आणि मनात एक दुसरंच होतं, ते कुणाला सांगितलं नव्हतं. बर्फ कधी कधी माणूस परत देतं. टीव्हीवर दाखवतात, वीस वर्षांनी, तीस वर्षांनी कुणाचा तरी सापडतो. माझा मुलगा भैरोबाला काय म्हणाला असेल? जिवंत आण म्हणाला असेल, की नुसतं परत आण? नुसतं परत आण म्हणाला असेल तर काम अजून होऊ शकतं. मग त्याला गावात आणायचं आणि मग घंटा टांगायची. म्हणून ती माझ्याजवळ हवी होती.

इकडे येताना ती मी बॅगेत घातली. सून म्हणाली, "आई, वजन बघा." मी साड्या काढून ठेवल्या. इथल्या विमानतळावर यंत्रात ती दिसली, तसं बॅग उघडायला लावली. काळा बुरखा घातलेली एक तरणी बाई होती. तिनं घंटा दोन्ही हातांनी उचलली आणि विचारलं, "शू हादा?" सुनेनं तिकडच्या भाषेत घंटेला काय म्हणतात ते कुणाला तरी विचारून ठेवलं होतं. "जरस," म्हणाली. त्या बाईनं लोलकाचं फडकं सोडायला हात घातला. मी तिचा हात धरला. असं करतात का कुणी, परक्या देशात, साहेबाचा? सुनेचा चेहरा पांढरा पडला. त्या बाईनं माझ्याकडे बघितलं, घंटा होती तशी बॅगेत ठेवली आणि म्हणाली, "यल्ला, मामा, यल्ला." म्हणजे चला, आई, चला. तेव्हापासून घंटा माझ्या पलंगाखाली आहे. म्हणजे होती.

तर नात म्हणाली, आपल्या घंटेसारखं. तिनं पुढचा फोटो काढला. हा दगड बाकीच्यांसारखाच घडीव, पण त्याची पुढची बाजू कोरी. एक अक्षर नाही.

"हा बघ," मी म्हटलं. "हा नाही आला."

"कोण?"

"शिपाई. दगड घडवून ठेवला, काम झालं की नाव घालणार होता. आलाच नाही. म्हणून कोरा."

मला एकदम बरं वाटलं होतं, ते खरं सांगते. एवढ्या लांबच्या, एवढ्या जुन्या कुणाच्या तरी घरी माझ्यासारखंच झालं, म्हणून.

नातीनं मान हलवली. "नाही आजी. वी चेक्ड. त्याच्यावर पेंटनं लिहिलं होतं. रंगानं. तो रंग गेला. मशीनखाली थोडं दिसतं. त्यानं पण पे केलं होतं. सॉरी."

"सॉरी कशाला? आला तर चांगलंच झालं त्याचं."

पण तोंड कडू झालं. मी उठून पाणी प्यायले.

ती माझ्या मागं आली. तिला काहीतरी बोलायचं होतं आणि मराठीत येत नव्हतं. तिच्या वडिलांसारखी ती अशा वेळी नखानं ओटा खरवडते. शेवटी म्हणाली, "आजी, तिथं एक दगड आहे. फादरनं प्रॉमिस केलं होतं आणि तो मेला. मग मुलानं दगड लावला. तसं लिहिलंय, वडिलांचा नवस म्हणून. मुलानं फेडला."

"मग?"

"मी डिसेंबरमध्ये गावाला जाऊ शकते. मी घंटा लावते. बाबांची."

"नाही."

"व्हाय नॉट?"

"काम झालं नाही."

"आजी, ट्वेंटी फाइव्ह इयर्स—"

"तुला त्या लोकांचं कळतं, आपलं कळत नाही. त्या बापाचं काम झालं असेल आणि मग तो मेला असेल. म्हणून पोरानं फेडला. तुझ्या बापाचं काम झालं नाही. तो आला नाही. न झालेल्या कामाचा नवस फेडला तर देवाला वाटेल, यांचं काही मागणंच उरलं नाही. मग तो कायमचा तिथं राहील. बर्फात."

हे मी पहिल्यांदा तोंडानं बोलले. नात रडायला लागली. तिचं रडणं इंग्रजीच आहे, आवाज न करता. मी म्हटलं, "रडून काही होत नाही, भाजी जळेल, सर."

तेवढ्यात कुलूप उघडलं. सून ड्यूटीवरून आली. दुपारची वेळ, बाहेरून आलं की पाच मिनिटं डोळ्यांपुढं अंधार असतो, ती दारातच उभी राहिली. नात तिला म्हणाली, "मम्मी, तू सांग ना आजीला. घंटा लावू दे मला. शी वोन्ट लिसन."

सुनेनं पर्स खाली ठेवली. बूट काढले. नर्सच्या कपड्यांत ती स्वयंपाकघरात कधी येत नाही, आधी आंघोळ करते. त्या दिवशी तशीच आली आणि खुर्चीवर बसली.

"आई," ती म्हणाली, "काम झालं होतं."

मला वाटलं थकलीय.

"कसलं काम?"

"ज्याचा नवस होता ते." तिनं मुलीकडे बोट केलं. "ही."

मी गॅस बंद केला.

"माझी आधीची दोन राहिली नव्हती, आई. तुम्हाला आठवतंय. ही तिसऱ्या वेळची. डॉक्टरनं भीती घातली होती. तेव्हा ते भैरोबाला बोलले. मूल सुखरूप होऊ दे, बायको वाचू दे, घंटा टांगतो. मला सांगून गेले. ही झाल्यावर सरपंचांच्या फोनवर पहिलं वाक्य तेच बोलले, भैरोबाची घंटा लागू झाली, मी येऊन टांगतो."

"आणि स्वतःचं?"

"काय?"

"स्वतःच्या परत येण्याचं काय बोलला?"

 सून म्हणाली, "मी विचारलं होतं. म्हणाले, देवाकडे एका वेळी एकच मागावं. ते आई बघेल."



ते आई बघेल. त्याला रीत माहीत होती. त्याच्या बापाच्या वेळी मी बोलले होते, हे त्याला ठाऊक होतं. त्याला वाटलं, आपल्या वेळीही आई बोललेली असणार. आणि मी त्याची घंटा बघून गप्प बसले, की त्यानं आपलं आपण बघितलंय. म्हणजे माझ्या मुलाला परत आण, असं भैरोबाला कुणीच म्हटलं नव्हतं. त्यानं नाही, बायकोनं नाही, मी नाही. गावातला प्रत्येक शिपाई कुणी ना कुणी मागून घेतलेला होता. माझा तेवढा न मागितलेला गेला.

मला कळतं की कडा कोसळताना नवस विचारत नाही. ज्यांच्या घंटा टांगलेल्या आहेत, तेही सगळे काही पुण्यवान नव्हते. आणि नवस बोलूनही न आलेले आमच्या गावात आहेत. हे मी दुसऱ्या कुणाला समजावून सांगू शकते. त्या दिवशी मला स्वतःला सांगता आलं नाही.

"इतकी वर्षं का नाही बोललीस?" मी सुनेला विचारलं.

"कशी बोलू? तुम्ही घंटा पोटाशी धरून बसला होता. म्हणाला होता, काम झालं नाही, हात लावू नका. तेव्हा मला वाटलं, महिन्याभरानं सांगू. मग वाटलं, वर्षश्राद्ध झाल्यावर सांगू. मग तुम्ही जेवायला लागला, पोरीला खेळवायला लागला. म्हटलं, राहू दे. त्या घंटेवर तुम्ही उभ्या होता, आई. मी ती काढून घेतली असती तर मला दोन माणसं पोसायची होती त्यातलं एक गेलं असतं."

ती रागावून बोलत नव्हती. नर्स जसं पेशंटच्या घरच्यांना सांगते तसं बोलत होती. तिच्या नवऱ्याचं काम झालेलं तिला माहीत होतं आणि ती पंचवीस वर्षं न फेडलेल्या नवसावर रोजची ड्यूटी करत होती. मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं.

नात मध्येच म्हणाली, "वेट. म्हणजे ती माझी घंटा आहे?"

"तुझीच," सून म्हणाली.

पोर आत गेली, पलंगाखालून घंटा ओढून आणली आणि मांडीवर घेऊन जमिनीवर बसली. फडक्याला हात लावला नाही. एवढं तिला कळत होतं. ती त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली, तिकडं ती त्या दगडांवरून फिरवत असेल तसा. मला म्हणाली, "आजी, मी नेऊ?"

आता नाही म्हणायला माझ्याकडे काय होतं? पावलेला नवस अडवून ठेवणं बरं नव्हे. मी म्हटलं, "ने. बापाचं नाव घाल. तुझं घालू नको. आणि बॅगेत घालताना साडीत गुंडाळ, माझी एक घे."

त्या रविवारी सून आणि मी दोघीच घरात होतो. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "तू तरी बोलायचं होतंस त्याच्यासाठी." बोलल्यावर वाटलं, नको होतं. ती जुडी खाली न ठेवता म्हणाली, "मलाही वाटलं तुम्ही बोललाय." मग आम्ही दोघींनी मिळून मेथी निवडली.

डिसेंबरात नात गावाला गेली. तिनं फोन लावला, चित्राचा. मंडपात पुतणे होते, गुरव होता. गुरव म्हातारा झालाय. त्यानं मला ओळखलं, म्हणाला, "काकी, अरबांकडे जाऊन जाड झालाय." मी म्हटलं, "तुझे दात कुठं गेले ते बघ आधी." नाव घातलेली घंटा वर चढवली. तिथं रीत आहे, टांगण्याआधी गुरव मोठ्यानं विचारतो, नवस कशाचा होता आणि पावला का. नातीला काय म्हणायचं ते कळेना. ती फोनकडे बघायला लागली.

मी इथून म्हटलं, "सांग त्याला. मुलीचा होता. मुलगी पुढं उभी आहे."

तिनं तसं सांगितलं, तिच्या त्या मोडक्या मराठीत. फडकं सोडलं. घंटा वाजली. सून माझ्या खांद्यामागून बघत होती, तिच्या हातात मी फोन दिला, कारण ते तिचं होतं.

गुरव तिकडून ओरडला, "काकी, देव समोर आहे, काही मागायचं असलं तर मागून घ्या!" सुनेनं फोन पुन्हा माझ्यापुढं धरला. भैरोबाचे डोळे दिसत होते, चांदीचे. मी हात जोडले. न बोललेला नवस आता बोलावा, असं मनात आलं. पण परत आण म्हणायचं, तर आता हाडं मागायची. त्याच्या नवसाच्या आडून मी इतकी वर्षं तेच मागत होते, पण ते त्याचं मागणं आहे असं समजून. स्वतःच्या तोंडानं आईनं लेकाची हाडं मागायची, ते मला जमलं नाही. मी हात जोडून नुसती उभी राहिले. नात म्हणाली, "आजी, झालं का?" मी म्हटलं, "झालं. ठेव फोन."